वजन उतरवणारी शस्त्रक्रिया : पारख कशी करावी?

मालाची पारख कशी करावी, हे व्यापारी घराण्याला कोणी शिकवावे लागत नाही. कापडाचा तागा उलगडून त्याचा पोत पाहिला जातो, धान्याचा नमुना तळहातावर घेऊन दाणा चावून पाहिला जातो, उधारी देण्यापूर्वी समोरच्या पेढीची पत दोन ठिकाणी विचारली जाते. आजारपणाच्या बाबतीत मात्र हीच घराणी पुष्कळदा ऐकीव माहितीवर विसंबतात. एखाद्या लग्नसमारंभात तीस किलो उतरलेले नातेवाईक भेटतात. कोणत्या डॉक्टरांकडे केले आणि खर्च किती आला, एवढे दोनच प्रश्न विचारले जातात. पुढच्या महिन्यात घरातील दुसरी व्यक्ती त्याच डॉक्टरांकडे त्याच शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवते.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते, तिच्या अटी मात्र जन्मभर पाळाव्या लागतात. म्हणून कोणती शस्त्रक्रिया सर्वांत चांगली, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या शस्त्रक्रियेच्या अटी या शरीराला आणि या घराला निभावता येतील, हा खरा प्रश्न होय. रात्रिभोजनाचा त्याग, पर्वतिथींचे उपवास, आयंबिल, एकासणे ज्या घरांत नित्याचे आहे, त्या घरांना तर हा प्रश्न अधिकच बारकाईने विचारावा लागतो.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

वजनाचा निर्णय केवळ काट्यावरून होत नाही. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन १०० किलो असेल, तर हा आकडा ३६.७ येतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली घालून दिलेली मर्यादा दीर्घकाळ जगभर प्रमाण मानली गेली. आकडा ४० वा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे ती सांगत होती. २०२२ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी शल्यचिकित्सक संघटनांनी ही मर्यादा खाली आणली. त्यांच्या मते ३५ च्या पुढे इतर आजार असो वा नसो, शस्त्रक्रिया योग्य ठरते. ३० ते ३५ च्या दरम्यान मधुमेहासारखा विकार असल्यास ती विचारात घ्यावी. आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच हा पर्याय पुढे ठेवावा, असे त्यांनी म्हटले आहे. आपल्याकडील माणसाची चरबी पोटाभोवती अधिक साठते आणि तुलनेने कमी वजनातच मधुमेह गाठतो, हे त्यामागील कारण आहे.

मात्र पर्याय पुढे ठेवणे आणि तो स्वीकारणे यांत अंतर आहे. थायरॉइडची मंदगती, स्टिरॉइडसारखी औषधे, संप्रेरकांचे विकार ही वजनवाढीची कारणे आधी तपासली गेली पाहिजेत. आहार आणि व्यायाम यांचा प्रामाणिक प्रयत्न झालेला असला पाहिजे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही आता भारतात मिळतात. त्यांनी अनेकांचे वजन लक्षणीय उतरते; परंतु औषध थांबल्यावर ते बऱ्याच अंशी परत चढते. शस्त्रक्रियेच्या आधी या पर्यायाचीही तज्ज्ञांशी चर्चा व्हावी.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. काही घरांत विवाहयोग्य मुलीचे पाच-दहा किलो वजन अधिक दिसले, की साखरपुड्यापूर्वी शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा विचार होतो. काही घरांत ती झाल्यावर सासरच्यांपासून लपवली जाते. आजारासाठी असलेली शस्त्रक्रिया रूपासाठी करणे चूक आहे, आणि ती लपवणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते आणि गरोदरपणात रक्ततपासण्या अधिक वेळा कराव्या लागतात. ज्या घरात सुनेला आपल्या गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, त्या घरात तिचे आणि होणाऱ्या बाळाचे पोषण सुरक्षित राहू शकत नाही.

मुख्य प्रकार आणि त्यांचे गुणदोष

जठर आणि आतडे यांत फेरफार करून वजन उतरवण्याचा मार्ग नवा नाही. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ साली पहिली गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि मोठ्या छेदाची भीती गेली. आज आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार केले जातात.

पहिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. आतड्याची वाट बदलली जात नाही, त्यामुळे जीवनसत्त्वांची तूट तुलनेने कमी राहते. परंतु काढलेले जठर परत बसवता येत नाही. दुसरा दोष अम्लपित्ताचा आहे. नळीतील दाब वाढल्याने आम्ल अन्ननलिकेत वर चढते. स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या तुलनात्मक अभ्यासात, आधीपासून हा त्रास असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के रुग्णांचा त्रास वाढला. बायपासनंतर तो केवळ ६ टक्के रुग्णांचा वाढला. उलट बायपासनंतर ६० टक्के रुग्णांचा त्रास नाहीसा झाला, स्लीव्हनंतर २५ टक्के रुग्णांचा.

दुसरा प्रकार रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासचा. जठराच्या वरच्या टोकाला सुमारे तीस मिलिलिटरची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडली जाते आणि अन्न जठराचा मोठा भाग व आतड्याचा आरंभ टाळून जाते. छातीत जळजळ असणाऱ्याला आणि मधुमेह जुना झालेल्याला ही शस्त्रक्रिया बहुधा अधिक मानवते. तिची किंमतही मोजावी लागते. लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषण कायमचे घटते. गोड पदार्थ घाईने खाल्ल्यास घाम, धडधड, पोटात कळा असा त्रास होतो. तंबाखू आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे जोडावर व्रण होतो. क्वचित काही वर्षांनंतरही आतडे आतल्या फटीत अडकून तीव्र पोटदुखी उद्भवते. अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

तिसरा प्रकार एकाच जोडाच्या बायपासचा. मिनी बायपास या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये तो सुरू केला. दोन जोडांऐवजी एकच असल्याने शस्त्रक्रिया लवकर होते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर वजनातील घट दोन्ही बायपासमध्ये सारखीच आढळली. पोषणाच्या गंभीर तक्रारी मात्र एक जोडाच्या गटात नऊ नोंदल्या गेल्या, दुसऱ्या गटात एकही नाही. त्या अभ्यासात दोनशे सेंटिमीटर आतडे वगळले गेले होते. ‘माझे किती आतडे वगळणार?’ हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे; शाकाहारी रुग्णाने तो विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याहून मोठी शस्त्रक्रिया ड्युओडिनल स्विचची. तिने वजन सर्वाधिक उतरते, पण प्रथिनांची तूटही सर्वाधिक होते. व्रतस्थ शाकाहारी घराने तिच्यापासून शक्यतो दूरच राहावे. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. जठरात ठेवला जाणारा फुगा साधारण सहा महिन्यांनी काढला जातो, तो तात्पुरता उपाय होय.

मधुमेहाविषयी अतिआशा बाळगू नये. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक येथे दीडशे मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी हा आकडा ६ किंवा त्याखाली राखणे केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्के रुग्णांना जमले, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांना. शस्त्रक्रियेचा लाभ मोठा आहे, हे यातून दिसते. बहुसंख्यांचा मधुमेह पूर्णपणे आटोक्यात येत नाही, हेही दिसते. ‘साखर कायमची जाईल’ असे हमीपत्र देणाऱ्यावर म्हणून विश्वास ठेवू नये.

हे तारतम्य दोन कल्पित उदाहरणांनी स्पष्ट होईल. समजा, अठ्ठेचाळीस वर्षांचे कापड व्यापारी आहेत. बारा वर्षांचा मधुमेह, इन्सुलिन सुरू, रात्री आंबट पाणी घशाशी येऊन झोप मोडते. येथे पारडे बायपासकडे झुकते. समजा, बत्तीस वर्षांची गृहिणी आहे. बीएमआय ३८, गुडघे दुखतात, जळजळ नाही, परंतु मासिक रक्तस्राव अधिक असल्याने हिमोग्लोबिन नेहमी खाली, आणि पुढे अपत्याची इच्छा आहे. लोहाची तूट आणखी वाढवणारी शस्त्रक्रिया तिच्यासाठी जड जाईल. येथे स्लीव्हचा विचार आधी होतो. दोघांनाही एकच शस्त्रक्रिया सुचवणारा सल्लागार रुग्णाकडे पाहत नसून आपल्या सवयीकडे पाहत असतो. तोंडातून दुर्बीण घालून केलेली जठराची तपासणी या निर्णयापूर्वी झालेली असावी.

व्रते, आहार आणि शस्त्रक्रियेच्या अटी

बाह्य तपांमध्ये ऊनोदरीला स्थान आहे. भुकेपेक्षा कमी जेवणे हे ते तप. शस्त्रक्रिया शरीराकडून ऊनोदरी करवून घेते. रसपरित्याग मात्र ती करवून घेत नाही. लहान झालेल्या जठरातून भाकरी आणि डाळ कष्टाने जाते, पण आइस्क्रीम, गोड पेये, पेढा, तळलेली शेव सहज उतरतात. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागते, तेव्हा अनेकदा हेच मऊ आणि गोड पदार्थ कारणीभूत असतात. प्रमाण कमी करण्याचे काम सुरीने होते. रुचीवरचा संयम माणसालाच आणावा लागतो.

बटाटा आणि कंदमुळांचा त्याग येथे मुळीच आड येत नाही. अडचण आहे प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर रोज किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि केस गळतात. वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे केवळ डाळीवर भागवायचे तर नऊ-दहा वाट्या लागतील, आणि पहिल्या काही महिन्यांत अर्धी वाटी संपवणेही कठीण असते. पनीर, घट्ट दही, सोयाबीन, मुगाचे धिरडे यांना आहारात अग्रस्थान द्यावे लागते आणि तरीही बहुतेकांना प्रथिनांची भुकटी घ्यावी लागते. दुधापासूनची व्हे भुकटी घेताना चीज बनवण्यासाठी प्राणिज रेनेट वापरले होते काय, हे उत्पादकाला विचारता येते. वाटाणा किंवा सोया यांपासून केलेली भुकटी हा दुसरा मार्ग आहे. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ ची कमतरता आधीच सर्रास आढळते. ती शस्त्रक्रियेपूर्वी तपासून भरून काढणे आवश्यक आहे.

पाण्याचा हिशेब चौविहाराच्या संदर्भात मांडून पाहण्यासारखा आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रात सूर्योदय ते सूर्यास्त सुमारे अकरा तास मिळतात. नवकारशी केल्यास दहाच उरतात. नव्या जठराला सहा लहान आहार द्यावे लागतात, प्रत्येकाला अर्धा तास लागतो आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिता येत नाही. सहा तास यातच जातात. उरलेल्या चार तासांत, दर दहा मिनिटांना तीस मिलिलिटर अशा घोटांनी, पाऊण लिटरच्या आतच पाणी जाईल. गरज मात्र दीड लिटरची असते. पहिल्या काही महिन्यांत चौविहार आणि पुरेसे पाणी या दोन्ही गोष्टी जुळत नाहीत, हे गणितच सांगते. पाणी कमी पडल्यास चक्कर, मूत्रखडा आणि पुन्हा रुग्णालय अशी साखळी सुरू होते.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी गुरुमहाराजांसमोर वस्तुस्थिती ठेवावी. ज्या परंपरेत पच्चक्खाणाला आगार असतात, तेथे आजारपणातील मोकळीक कशी घ्यावी, चौविहाराऐवजी काही काळ पाण्याची मुभा असलेला तिविहार करता येईल काय, हे तेच सांगू शकतील. व्रत मोडले म्हणून मनाला लागलेली टोचणी आणि व्रत पाळले म्हणून शरीराला झालेली हानी, दोन्ही या पूर्वविचाराने टळतात. अठ्ठाई, मासखमण, वर्षीतप यांसारखी दीर्घ तपे पहिले वर्ष-दीड वर्ष टाळलीच पाहिजेत. पुढेही रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा विचार घेतल्याशिवाय ती करू नयेत. मोठे तप नजीकच्या काळात करण्याचा संकल्प असेल, तर तप आधी, त्यानंतर पोषण भरून काढण्यास पुरेसा काळ, आणि मग शस्त्रक्रिया, हा क्रम अधिक सुरक्षित ठरतो.

अहिंसेच्या दृष्टीने आणखी काही प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारता येतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन आणि एनोक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळवले जाते. फोन्डापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेले औषध काही रुग्णांत त्याऐवजी वापरता येते. टाक्यांच्या रेषेला बळकटी देण्यासाठी काही वेळा गाय-बैलांच्या ऊतीपासून बनवलेली पट्टी लावतात. ती टाळता येईल काय, हे विचारावे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते; त्याच घटकाची गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरण मिळू शकते. डी-३ जीवनसत्त्व सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते. डी-२ आणि दगडफुलाच्या जातीतील वनस्पतींपासूनचे डी-३ हे पर्याय आहेत. हे प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर हसत नाही, उत्तर शोधतो. मात्र पर्याय नसेल तेव्हा गुठळी रोखणारे इंजेक्शन नाकारून प्राण धोक्यात घालू नयेत; कुटुंबाचा निर्णय आधीच झालेला असावा, ऐनवेळी वाद नको.

शल्यचिकित्सकाची पारख

शल्यचिकित्सकाच्या हाताने किती फरक पडतो, याचे उत्तर अमेरिकेतील मिशिगन राज्यातून मिळाले आहे. तेथील वीस शल्यचिकित्सकांनी आपल्या बायपास शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली आणि इतर शल्यचिकित्सकांनी, करणाऱ्याचे नाव न पाहता, कौशल्याला गुण दिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटातील रुग्णांमध्ये गुंतागुंत १४.५ टक्के होती, सर्वोत्तम गटात ५.२ टक्के. शस्त्रक्रिया तीच असली, तरी हात बदलला की जोखीम जवळजवळ तिप्पट होते.

रुग्णाला चित्रफीत पाहून कौशल्य जोखता येणार नाही, परंतु प्रश्न विचारता येतात. मला सुचवलेली शस्त्रक्रिया आपण स्वतः किती वेळा केली आहे? गेल्या वर्षी किती? टाक्यातून गळती किती रुग्णांत झाली, पुन्हा दाखल किती झाले, मृत्यू किती? अनुभवी केंद्रांत गळती साधारण एक टक्क्याच्या आसपास आणि मृत्यू हजारात एकाच्या आसपास असतो. ‘माझ्याकडे आजवर काहीच झाले नाही’ हे उत्तर देणाऱ्याने एक तर फार थोड्या शस्त्रक्रिया केलेल्या असतात, किंवा हिशेब ठेवलेला नसतो. गुंतागुंत झाली तेव्हा काय केले, हे जो शांतपणे सांगतो, त्याची वही उघडी आहे असे समजावे.

त्यापुढचे प्रश्न रुग्णालयाविषयी. मध्यरात्री गळतीची शंका आली, तर सीटी स्कॅन, दुर्बीण-तपासणी आणि अतिदक्षता विभाग तेथेच आहे काय? प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार, भेटीला बोलावलेले नामांकित डॉक्टर की त्यांचे साहाय्यक? दुसऱ्या गावाहून येणारे शल्यचिकित्सक परत गेल्यावर जबाबदारी कोणाची? आहारतज्ज्ञाला जैन आहाराची माहिती आहे काय, की अंड्याचा पांढरा भाग लिहिलेला छापील तक्ताच हाती मिळणार? जिल्ह्याच्या ठिकाणच्या कुटुंबाने शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात केली, तरी आपल्या गावातील डॉक्टरांना सर्व कागद आधीच दाखवून ठेवावेत. पाच वर्षांनी पोट दुखेल तेव्हा पहिला दरवाजा त्यांचाच ठोठावला जाणार आहे.

डॉक्टरांची नोंदणी राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तपासता येते. ओबेसिटी अँड मेटाबॉलिक सर्जरी सोसायटी ऑफ इंडिया ही या शाखेतील शल्यचिकित्सकांची संघटना आहे. तिचे सदस्यत्व ही एक खूण आहे, संपूर्ण प्रमाण नव्हे. दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या शल्यचिकित्सकाचे मत घेणे यात कोणाचा अपमान नाही. ‘आज आगाऊ रक्कम भरल्यास सवलत’ असे जेथे सांगितले जाते, तेथून व्यापाऱ्याने जसे उठून यावे तसेच उठून यावे. आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाशी बोलायचे, तर सहा महिन्यांपूर्वीच्या नव्हे, पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णाशी बोलावे. पहिल्या वर्षी प्रत्येक जण आनंदात असतो.

खर्च आणि विमा

ठोक रकमेच्या पॅकेजमध्ये काय धरले आहे आणि काय नाही, हे लेखी घ्यावे. जठर कापून शिवणारे स्टेपलर आणि त्याची काडतुसे हा खर्चाचा मोठा भाग असतो. ती एकदाच वापरण्याची आणि नवी आहेत, याची बिलात नोंद मागावी. गुंतागुंत झाल्यास अतिदक्षतेचे दिवस कोणाच्या खात्यात, हेही विचारावे. पुढील आयुष्यभराच्या गोळ्या, प्रथिनांची भुकटी आणि तपासण्या हा वार्षिक खर्च वेगळाच मांडावा.

विम्याच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार विमेदार अठरा वर्षांवरील असावा, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी, आणि बीएमआय ४० वा अधिक असावा. अथवा ३५ वा अधिक असून सौम्य उपाय अयशस्वी ठरलेले असावेत व सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा. म्हणजे डॉक्टर ३० वर शस्त्रक्रिया योग्य ठरवू शकतात, पण विमा कंपनी पैसे देईलच असे नाही. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ पाहावा आणि पूर्वमंजुरी लेखी मिळाल्यावरच तारीख घ्यावी. दावा मंजूर व्हावा म्हणून वजन फुगवून लिहून देणारा उद्या शस्त्रक्रियेची टिपणेही तशीच लिहील.

निर्णयापूर्वीचा नमुना

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि मग दरवर्षी रक्ततपासणी करावी लागते. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या एकत्र घेता येत नाहीत, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. बी-१२ ची गोळी वा इंजेक्शन कायमचे. उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, कारण थायमिन हे बी-१ जीवनसत्त्व लवकर संपते आणि त्याचा फटका मेंदूला बसतो. दुकानाच्या गर्दीत, दिवाळीच्या हंगामात, मुलांच्या लग्नात, यांतील काहीही चुकवून चालत नाही.

या अटी निभावतील की नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी अजमावता येते. यकृत आकसावे म्हणून अनेक रुग्णालये आधीचे दोन आठवडे अल्प उष्मांकाचा आहार देतातच. त्याच्याही आधी महिनाभर, मधुमेहाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारून, संबंधित व्यक्तीने नियम पाळून पाहावेत : लहान वाटीत जेवण, घास सावकाश, जेवताना पाणी नाही, दिवसभर घोट-घोट पाणी, ठरलेल्या वेळी गोळ्या, रोजच्या प्रथिनांची वहीत नोंद. घरातील इतरांनीही त्या महिन्यात तिच्यासमोर आग्रहाचे ताट वाढू नये. महिनाअखेरीस वही उघडून दोघांनी, पती-पत्नीने किंवा आई आणि मुलाने, ती एकत्र वाचावी. नोंदी पूर्ण असतील, तर शल्यचिकित्सकाकडे जाण्याची तयारी झाली आहे. निम्म्या कोऱ्या असतील, तर शस्त्रक्रिया थोडी थांबू शकते. आधी घराची घडी बसवावी. निर्णय मात्र ज्याचे शरीर आहे त्याचाच असावा. घरच्यांनी सोबत करावी, सक्ती करू नये.